‘अधूनमधून’ या शब्दाची किंमत

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास दाराची बेल वाजली, तेव्हा यज्ञेश्वर केळकर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कोण आहे?"

"चांदभाईंच्या घरून आल्यात," त्यांच्या पत्नी हेमाताई दारातूनच म्हणाल्या. "या महिन्यातली ही तिसरी खेप आहे त्यांची. आता तुम्हीच बोला."

यज्ञेश्वर नाइलाजाने उठले. दारात चांद शेखची बायको जरीना उभी होती. हडपसरहून दोन बस बदलून ती धायरीला आली होती.

"साहेब, फक्त एक पत्र हवंय," ती म्हणाली. "चांद तुमच्याकडे अकरा वर्षं कामाला आहे, एवढंच लिहून द्या. डॉक्टरांचे कागद आहेत आमच्याकडे. पण मालक म्हणतात, चांद नावाचा आमचा कुणी कामगारच नाही. मग भरपाई कुणाकडे मागायची?"

"बघू," यज्ञेश्वर म्हणाले. "शेठशी बोलून घेतो."

हे 'बघू' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नाही म्हणण्याचा वाईटपणा नको आणि हो म्हणण्याची जबाबदारीही नको, अशा वेळी ते तोंडात येतं.

यज्ञेश्वर धायरीतल्या एका कारखान्याचे व्यवस्थापक होते. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. तिथे क्वार्ट्झच्या लाद्या कापून स्वयंपाकघराचे ओटे तयार व्हायचे. नव्या इमारतींमध्ये त्या पांढऱ्याशुभ्र ओट्यांना फार मागणी. चांद तिथला सगळ्यात सफाईदार कारागीर. सिंकसाठी लादीला भोक पाडायचं किंवा कडा गोल करायच्या, तर ते चांदनेच करावं. ग्राइंडर सुरू झाला की पाच मिनिटांत शेडमध्ये पांढरं धुकं पसरायचं आणि चांद गिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसायचा.

खरं तर लादीवर पाण्याची धार सोडून कापलं की धूळ खूपच कमी उडते. तशी पाण्याची नळी शेडमध्ये होतीही. पण पाण्याने चिखल होतो, तो साफ करायला वेळ जातो आणि काम मागे पडतं, म्हणून मालक जयसिंग शेठनी ती बंद करायला लावली होती. तो हुकूम कामगारांना सांगितला यज्ञेश्वरांनी. एकदा चांदने पाणी मागितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "चांद, ओटा कापायचाय, अभिषेक करायचा नाहीये!" सगळे हसले. चांदही हसला आणि नाकाला रुमाल बांधून कामाला लागला.

पुढे त्याला खोकला लागला. आधी एका डॉक्टरांनी आणि नंतर दुसऱ्यांनी टीबीची औषधं दिली. वजन उतरत गेलं, दम लागायचं थांबेना. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला, "तुम्ही काम काय करता?"

उत्तर ऐकून त्यांनी नव्याने तपासण्या करायला लावल्या. हा टीबी नव्हता, सिलिकोसिस होता. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. "फुप्फुसं पूर्ववत करणारं औषध नाही," त्या म्हणाल्या. "पण धूळ आजच बंद झाली, तर पुढचं नुकसान थोडं तरी आवरता येईल."

काम सोडलं, तर घर कसं चालणार? मुलगी खुशनुमा कॉलेजात होती. भरपाई मिळाली असती, तर चांदने त्याच दिवशी ग्राइंडर खाली ठेवला असता. पण भरपाईसाठी नोकरीचा पुरावा हवा होता आणि तो पुरावा यज्ञेश्वरांच्या 'बघू'मध्ये अडकला होता. तो वीस महिने तसाच अडकून राहिला. ते वीस महिने चांद लाद्या कापत राहिला.

अखेर तो अंथरुणाला खिळला, तेव्हा घरच्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला. मग जयसिंग शेठनी यज्ञेश्वरांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक प्रतिज्ञापत्र तयार होतं.

"केळकर, जास्त काही नाही, एकच ओळ आहे," शेठ म्हणाले. "तुम्ही सज्जन माणूस. तुमच्या शब्दाला वजन आहे."

ओळ अशी होती : 'चांद शेख आमच्याकडे अधूनमधून कामाला येत असे.'

यज्ञेश्वरांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांच्या मनाने वाट काढली. गुरुवारी वीज नसते, शेड बंद असते. म्हणजे चांद अगदी रोज थोडाच येत होता! निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी सही केली.

गोष्ट कामगारांत पसरायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी शेड झाडणाऱ्या बायडाबाई त्यांच्या टेबलापाशी येऊन थांबल्या. पदर नाकाशी धरलेला, भुवयांवर पांढरी पूड.

"साहेब, एक इचारू? मी हितं रोज येते का अधूनमधून?"

"रोज येता. का बरं?"

"न्हाई, उद्या मी खोकाया लागले की अधूनमधून व्हईन. म्हनून आधीच इचारून ठिवलं."

यज्ञेश्वर चिडले. "बायडाबाई, मी नोकर माणूस आहे. शेठनी सांगितलं, मी सही केली. माझ्या हातात काय आहे?"

"सांगितलं शेटनी, पन सही कुनाची हाय? शेटच्या सांगन्यावर कोर्ट इस्वास ठेवत असतं, तर तुमाला कशाला बोलावलं असतं? तुमचं नाव चांगलं हाय, म्हनून तर त्यांना ते पायजे!" त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "चांदनं तुमच्याकडं भीक न्हाई मागितली. त्याची छाती हितं गेली, तेवढं लिवून द्या म्हनला. आन् तुमी सोताला म्हनताय, म्या खोटं न्हाई बोललो. निम्मं बोललात, साहेब. निम्म्यानं बी मानूस मरतो."

त्या दिवशी जेवताना यज्ञेश्वरांनी हेमाताईंना सगळं सांगितलं. हेमाताईंनी आपल्या ओट्याकडे पाहिलं. तोही चांदनेच बसवला होता.

"आधी त्यांना भेटून या," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ते हडपसरला गेले. चांदच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. ज्याच्या खांद्यावर अख्खी लादी तोलली जायची, तो माणूस उशांना टेकून बसला होता. शरीराची नुसती काडी झाली होती.

"चांद, माझं चुकलं," यज्ञेश्वर म्हणाले. "तू पाणी मागितलंस, तेव्हा मी थट्टा केली. पत्र मागितलंस, तेव्हा टाळलं. आणि आता तर..."

"मला माहितीय, साहेब." चांद दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घेत होता. "तेव्हा... पत्र दिलं असतंत... तर मी काम सोडलं असतं. वीस महिने... उगाच कापत बसलो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो चिडला असता, तर यज्ञेश्वरांना सोपं गेलं असतं. जरीनाने चहा आणून ठेवला.

साक्षीचा दिवस आला. चांदच्या वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र त्यांच्यासमोर धरलं. "अधूनमधून म्हणजे नेमकं किती वेळा, केळकर?"

शेठ मागच्या बाकावर बसले होते. यज्ञेश्वरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"रोज!" ते म्हणाले. "गुरुवार सोडला, तर साडेबारा वर्षं रोज! त्याला कामावर मीच घेतलं. पाण्याची नळीही माझ्या सांगण्यावरून बंद झाली!"

शेठचे वकील ताडकन उठले. "मग या कागदावरची सही कुणाची आहे?"

"माझीच आहे. लाज वाटते, पण माझीच आहे. जी काही शिक्षा असेल, ती मला द्या." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "चांद रोज संध्याकाळी झालेल्या कामाचे फोटो मला पाठवायचा. सहा वर्षांचे फोटो यात आहेत. तारखांसकट पाहून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. चार महिन्यांनी निकाल लागला. आजार कामामुळेच झाला हे न्यायालयाने मान्य केलं आणि शेठना भरपाई द्यावी लागली. बायडाबाई आणि इतर कामगारांच्या छातीची तपासणी झाली. दोघांच्या फुप्फुसांत सुरुवातीचे डाग सापडले, त्यांनी ते काम वेळीच सोडलं. शेडमध्ये नळीला पुन्हा पाणी आलं.

चांद मात्र निकालानंतर सातच आठवडे जगला.

यज्ञेश्वर आणि हेमाताई भेटायला गेले, तेव्हा जरीनाने त्यांना आत बसवलं. मग म्हणाली, "भाऊ, तुम्ही खरं बोललात, त्याचे उपकार आहेत. खुशनुमाचं शिक्षण होईल. पण पत्र मागायला मी तुमच्या दारात आले होते, तेव्हा माझा माणूस चालत होता."

वाचकांनो, आपल्या घरी ओटा बसवायला कुणी आलं, तर त्याला पाणी लावून कापायला सांगा. होणारा चिखल फडक्याने पुसता येतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एखाद्या कष्टकऱ्याने त्याच्या हक्कासाठी आपल्याकडे दोन ओळी मागितल्या, तर त्या आजच लिहून द्या. खरं बोलायला कधीही उशीर होत नाही, असं आपण म्हणतो. बोलणाऱ्याच्या मनाला त्याने समाधान मिळत असेल. ज्याच्यासाठी बोलायचं, त्याला मात्र उशीर होतो.