दारावरची 'मालक'

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो. एका सुताराने सागाच्या उरलेल्या फळकुटातून मला घडवले, पटाशीने माझ्यावर 'मालक' असे कोरले आणि आपल्या कारखान्यातल्या खोलीच्या दारावर ठोकले. कारागीर त्याला मालक म्हणत. डबा घेऊन येणारी त्याची बायकोही विचारी, "आमचे मालक जेवायला मोकळे झाले का?" लाकडाचे हमाल तर वाटेतल्या कुणावरही ओरडत, "ओ मालक, जरा सरका!" एका शब्दाचे इतके धनी पाहून मी तेव्हापासूनच कान टवकारून राहिले.

पुढे सुताराला पक्षाघात झाला. तो अंथरुणाला खिळला आणि त्याचा धाकटा भाऊ खोलीत बसू लागला. "मालक दादाच, मी आपला राखणदार," असे तो येताजाता सांगे. एवढे सांगायची गरज काय, ते मला कळेना. रोज सकाळी तो स्वतःच्या रुमालाने मला पुसू लागला, तेव्हा तर माझा संशय बळावला. इतकी माया आजवर कुणी लावली नव्हती.

एका दुपारी त्याने एका पाहुण्याला आणले. करवती, रंधे, लाकूडफाटा, सगळे फिरवून दाखवले.

"विकणार कोण? सौदा कुणाशी करायचा?" पाहुण्याने विचारले.

धाकट्याने माझ्यावर बोट ठेवले. "वाचा की! मालक मीच."

सुताराची बायको मागेच उभी होती. नवऱ्याला पाठ टेकायला एखादी फळी मिळते का, ते बघायला आली होती.

"आमचे मालक घरी आहेत," ती पाहुण्याला म्हणाली. "हे माझे दीर."

धाकटा हसला. "वहिनी, शब्दाचं काय घेऊन बसलात? हमालसुद्धा मला मालक म्हणतात."

"मग भाऊजी, तेवढा शब्द विका. करवतींना हात लावायचा नाही."

कारखान्यातला खडखडाट थांबला. कारागीर दाराशी जमले. पाहुण्याने काढता पाय घेतला, आणि त्यानंतर धाकटाही फिरकला नाही.

आता कारखाना ती चालवते. "तुम्हाला काय म्हणायचं?" असे थोरल्या कारागिराने विचारले, तेव्हा "ताई म्हणा" म्हणाली. मला बरे वाटले. काल मात्र फोनवर कुणीतरी "मालक आहेत का?" असे विचारले.

"बोलतेय," ती म्हणाली.

तिच्यावर माझा जीव आहे. तरी लक्ष ठेवून आहे. मित्रांनो, माझ्या खालच्या कडेला वाळवी लागली आहे. कुणीतरी थोडे तेल लावा. मला अजून बरीच वर्षे या दारावर राहून ऐकायचे आहे.