खोट्या इसाराची मेल

मित्रांनो, कांदे साठवायच्या ह्या बराखीत लपाछपी खेळायला तुमी येता, तवा ज्याच्या मागं दडता ना, त्यो मी. पिवळं पडलेलं, एका अंगाला चेपलेलं खोकं. परवा तुमच्यातला एक जण माझ्यावर पाय देऊन वर चढला आन् म्हणला, "ह्यो जुना टीव्ही हाय." टीव्ही न्हाई रं बाबा. टीव्ही असतो तर बोललो असतो. मी कंप्युटर हाय. मला लिवलेलं दिसायचं, कळायचं बी, पण तोंड न्हाई. सगळं दुखणं तिथंच हाय. बसा घडीभर, पोत्यावर बसा, कांदे तुडवू नका.

माझा जन्म एका जागचा न्हाई. पडदा एकीकडचा, डबा दुसरीकडचा, बटणांची फळी तिसरीकडची. पुण्याच्या एका बोळात स्क्रू पिळून मला उभा केला. मंचरच्या गोरखनं मला घेतला आन् कांदा उतरवून रिकाम्या निघालेल्या टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून गावाला आणला. सगळी वाट कांद्याचा वास. आता म्हातारपणी बी त्योच वास.

गोरखनं एस.टी. स्टँडासमोर गाळा घेऊन सायबर कॅफे टाकला व्हता. आमी चौघं भाऊ, मधी प्लायवूडच्या भिंती. पहिल्या दिवशी गोरखच्या आईनं, सरूबाईनं, माझ्या कपाळाला हळद-कुकू लावलं आन् नारळ माझ्याच टाळक्यात घालायला निघाली.

"आये, दगडावर फोड! ह्यो फुटंल!" गोरख ओरडला.

"नारळ सोसंना, त्यो कसला देव?" म्हातारी म्हणली.

पण ते दिवस देवावाणीच गेले. दहावीच्या निकालाला पार रस्त्यापर्यंत रांग लागायची. माझ्या तोंडाकडं बघून कुणी रडायचं, कुणी पेढे आणायला पळायचं. लोकं म्हणायची, गोरखकडचा कंप्युटर लई गुणी. निकालाच्या दिवशी मातर लाईट हमखास जायची. मंग माझं तोंड काळं, आन् लोकांच्या शिव्या गोरखला.

अशीच एकदा एक पोरगी माझ्याम्होरं बसली. रुपाली. कॉलेजात शिकत व्हती. तिच्यासंगं तिची आई झुंबरबाई. ह्या बाईच्या हाताला जी कला व्हती, ती काय सांगू! बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा करायची. पट्ट्यावर एकेक घुंगरू असं बसवायची की बैल चालला की समदी एका तालात वाजायची. बेल्ह्याच्या बैलबाजारात बसायची तवा लांबलांबचे शर्यतीचे गाडेवाले तिला हुडकत यायचे. तिची एकच रीत. बैलाच्या गळ्याचं माप घेतलेली सुतळी हातात आल्याबिगर ती पट्ट्याला कात्री लावायची न्हाई. "माणसाला दुसऱ्याचा सदरा चालतो, बैलाला दुसऱ्याची माळ चालत न्हाई," असं म्हणायची.

त्या वक्ताला इंटरनेटवर एक बाजार निघाला व्हता, हाटघर नावाचा. घरबसल्या माल मांडायचा, लांबच्या माणसानं घ्यायचा. रुपालीनं माळांचे फोटू काढून तिथं मांडले, खाली आईचं नाव टाकलं. आन् काय सांगू राव, कराडकडून, जतकडून, पार बार्शीकडून मागणी आली. लोकं टपालानं सुतळी धाडायची, झुंबरबाई माळ करून पाठवायची. मंग ती लोकं हाटघरवर चार चांगले शबूद लिवायची. रुपाली ते मोठ्यानं वाचायची आन् झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसायची.

"माझं नाव ह्याच्यात कुठं हाय गं?"

"ह्ये बघ आई, हितं."

झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. पण त्या जागंवर ती बोट टेकवायची. माझ्या काचंवर तिच्या बोटाचा ठसा कितीदा उठला असंल! गोरख फडक्यानं पुसायचा आन् पुसता पुसता म्हणायचा, "काकू, नाव पुसलं बरं का!"

"पुसून दावच," झुंबरबाई म्हणायची. "बाजारात मिळवलेलं नाव हाय त्ये. फडक्यानं जायचं न्हाई."

फडक्यानं न्हाईच गेलं.

एक दिवस मायलेकी आल्या. रुपालीनं मेलचं टपाल उघडलं. वरच एक मेल. हाटघरचा शिक्का, हाटघरचाच निळा रंग. इंग्रजीत लिवलेली. रुपाली वाचून आईला सांगाया लागली, "एका गिऱ्हाइकानं दहा माळांचा इसार भरलाय म्हणं. आपण जबाब दिला न्हाई, म्हणून त्यानं तक्रार केलीय. आज संध्याकाळच्या आत हितं दाबून खात्री करा, न्हाई तर दुकान बंद."

झुंबरबाई चपापली. "इसार दिलाय? आन् आपण गप?"

आता ही इसाराची गोष्ट तुमाला ठावी पायजे. बैलबाजारात एकदा इसार, म्हंजी सौद्याचं आगाऊ पैसं, हातावर पडला की बोल संपला. मंग दुसरा कुणी दुप्पट देऊ द्या, बैल त्याचाच. इसार घेऊन जो फिरतो, त्याला बाजारात कुणी पाणी बी विचारत न्हाई. झुंबरबाईचं सगळं आयुक्ष ह्या रीतीत गेलेलं. इसार दिलेला माणूस ताटकळतोय, ही तिला शिवी वाटली.

रुपाली थोडी अडखळली. "आई, पण ह्यात गळ्याचं माप कसं न्हाई? आन् दर वेळंला ते माझं नाव घालून लिवतात. ह्यात नुसतं 'प्रिय विक्रेते' हाय."

मी मनात म्हणलं, शाब्बास पोरी! आता अजून एकच कर. त्या निळ्या बटणावर माऊसचा बाण ने, पण दाबू नको, आन् खालच्या पट्टीत बघ.

तिनं बाण नेला. माझ्या हातात जेवढं व्हतं तेवढं मी केलं, मित्रांनो. खालच्या पट्टीत खरा पत्ता लिवून दाखवला. हाटघरचा नव्हता, भलत्याच घराचा व्हता. आकडेच आकडे. वर एकाची पाटी आन् दार उघडतंय दुसऱ्याच्या अंगणात! पण अक्षर बारीक, आन् माणूस घाईत असला की पायाखाली बघत न्हाई.

"माप मागून घिऊ की मागनं," झुंबरबाई म्हणली. "आधी त्याला हो म्हण. इसार घेऊन गप बसणारी बाई म्हणून माझं नाव जायाला नको."

"आई, उद्या गोरखदादाला इचारून..."

"उद्या? संध्याकाळपर्यंत म्हणलाय ना त्यो?"

गोरख शेजारच्या टपरीवर चहाला गेलेला. मी घुरघुरलो. पंखा जोरात फिरवून बघितला. मनात म्हणलं, एरवी निकालाच्या दिवशी जाते ती लाईट आता जाऊ दे. आत्ता जाऊ दे! पण त्या दिवशी लाईटनं काय मनावर घेतलं न्हाई. रुपालीनं बटण दाबलं. म्होरं हाटघरवाणी हुबेहूब पान उघडलं. तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. ती अक्षरं माझ्यातूनच गेली. दार उघडं टाकून मीच चोराला आत घेतल्यावाणी झालं.

दुसऱ्या दिवशी रुपाली आली, तर तिचा पासवर्ड चालंना. हाटघरच्या पानावर तिच्याच आईचे फोटू, तिच्याच आईचं नाव, पण माळांचा भाव निम्मा आन् पैसं भरायचा पत्ता परका. पोरगी पांढरीफटक पडली. कुणाला बोलली न्हाई. आईला काय सांगू, गोरखदादा हसंल, ह्या लाजंपायी दोन दिवस गप बसली. ते दोन दिवस चोराला पुरले.

शेवटी गोरखला कळलं, पण त्यो हसला न्हाई. डोक्याला हात लावून म्हणला, "अगं येडे, तवाच हाक मारायची! मेलमधल्या बटणानं कशाला गेलीस? हाटघरचा पत्ता आपल्या हातानं टाकून आपलं दुकान उघडायचं, इसार आला असंल तर तिथं दिसंल. न्हाई दिसला तर मेल खोटी."

त्यानं तिला बसवून हाटघरला लिवलं. बँकेत पाठवलं. मेलचा पासवर्ड बदलायला लावला. हाटघरनं लई दिवसांनी जबाब दिला आन् दुकान कायमचं बंद केलं. तोवर फसलेल्या लोकांनी झुंबरबाईच्या नावाखाली लिवून ठेवलं व्हतं. 'चोर बाई.' 'पैसं खाल्लं.' 'हिच्या हाताला किडे पडोत.' जिथं तिचं बोट टेकायचं, तिथंच. आन् ते दाखवायचं काम कुणाचं? माझं.

"आज काय लिवलंय गं?" झुंबरबाईनं इचारलं.

रुपाली म्हणली, "आज काय न्हाई आई."

झुंबरबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. काचंवर बोट टेकवलं न्हाई.

मंग एक दिवस एस.टी.तून एक पावणा उतरला. सावळाराम त्याचं नाव, कराडकडचा. पत्ता इचारत इचारत कॅफेत आला. मायलेकी मेल बघायला आलेल्याच व्हत्या.

"झुंबरबाई कोण?" त्यो गरजला.

"मीच."

"चोर म्हणावं तर म्हातारी दिसताय! पैसं घेतलं, माळ कुठंय? पोराच्या हातनं भरलं मी. गाडा पळायचाय माझा!"

गोरख मधी पडला, समदं समजावून सांगितलं. पावण्याला कंप्युटरचं काय कळलं न्हाई, पण बाईचं तोंड बघून त्यो खाली बसला. मंग खिशातून त्यानं एक सुतळी काढली. "आमच्या सरदाराच्या गळ्याचं माप. मागितलं कुणी न्हाई, पण मी आपलं घेऊन ठेवलं व्हतं."

झुंबरबाईनं सुतळी घेतली. वीतभर वीतभर मोजली. म्हणली, "मान दांडगी हाय."

"हाय तर!"

"राहा चार दिवस पाव्हण्यारावळ्याकडं. माळ घेऊन जा."

"पण पैसं तर तुमाला पोचलंच न्हाई, बाई."

"इसार माझ्या नावावर दिलात ना?"

तिनं माळ केली. सावळाराम घेऊन गेला, घुंगरं वाजवत. जाताना म्हणला, "बाकीच्यांचं काय करणार?"

झुंबरबाई रुपालीला म्हणली, "ह्याच्यात लिव. ज्यांनी ज्यांनी माझ्या नावावर इसार दिलाय, त्यांनी गळ्याचं माप धाडावं. मी हाय तवर करून देईन."

रुपालीनं लिवलं. लई येळ, नीट लिवलं. पण धाडणार कुठं? दुकान बंद, लोकांचे पत्ते चोराकडं. ती नुसती अक्षरांकडं बघत बसली. आन् तेवढ्यात लाईट गेली. माझं तोंड काळं झालं. लिवलेलं साठवलेलं नव्हतं, समदं गेलं.

"गेलं का त्ये लोकांना?" झुंबरबाईनं अंधारात इचारलं.

रुपाली म्हणली, "गेलं आई."

त्यानंतर कुणाची सुतळी आली न्हाई. झुंबरबाई टपालवाल्याची वाट बघायची, आन् बेल्ह्याच्या बाजारात बसायची तिनं सोडून दिलं. गोरखनं नवीन पातळ कंप्युटर आणले, मी हितं आलो.

मित्रांनो, आता तुमच्या हातात बी अशी यंत्रं येतील. त्यांच्यावर पाय ठिवू नका, ती तुमाला काय दाखवत्यात ते बघा. पार खालच्या कोपऱ्यातलं बी बघा. दारात येऊन 'आत्ताच्या आत्ता' म्हणणाऱ्याला बसवून ठिवा, त्याच्या दारानं जाऊ नका, आपल्या ठाव्या वाटंनं जाऊन खात्री करा. पासवर्ड कुणाला देऊ नका. आन् चुकलंच तर लाजू नका, त्याच घडीला कुणाला तरी हाक मारा. आमाला हाक मारता येत न्हाई, तुमाला येते.

आन् एक. माझ्या वायरींची मोळी ज्या सुतळीनं बांधलीय ना, ती सरदाराच्या गळ्याची. झुंबरबाईनं कॅफेतच ठिवली व्हती, गोरखनं तीच घेऊन मला बांधला. भवऱ्याला दोरी पायजे म्हणून ती तेवढी सोडू नका.