बाजूची शिवण

मोठ्या बाईंनी सुनेचा निळा पोशाख उलटा करून मांडीवर घेतला आणि टोकदार कात्रीने बाजूच्या शिवणीतला पहिला टाका उचलून कापला. पुढचे टाके मुकाट्याने सुटत गेले. सून लेकीला शाळेतून आणायला गेली होती आणि कारागीर बायका जेवायला बसल्या होत्या. मागच्या खोलीत इस्त्री तापत होती. घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री मोठ्या बाईच करीत. दुसऱ्याच्या हातच्या घडीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे त्यांनी काय हाती घेतले आहे, हे विचारायला कोणी येणार नव्हते.

आत दुमडलेल्या कापडातले त्यांनी दोन्ही बाजूंना अर्धे बोट कापड सोडले आणि शिवण पुन्हा घातली. हातानेच, यंत्राचा आवाज बाहेर गेला असता.

सून पूर्वी पुढे, शिवणाच्या दुकानात बसे. मापे घेणे तिचे काम. लाजऱ्यातली लाजरी बाईदेखील तिच्यापुढे गप्पा मारता मारता हात वर करी. बाळंतपणानंतर तिचे अंग भरले. एका जुन्या गिऱ्हाइकिणीने तिच्या पोटाकडे पाहून कौतुकाने विचारले, आता कितवा महिना. आणि त्या वेळी नात दुकानभर धावत होती. सून हसली, माप पुरे केले आणि दुसऱ्या दिवसापासून मागे यंत्रावर जाऊन बसली. तेव्हापासून मापे मोठ्या बाई घेऊ लागल्या. त्यांच्या धाकाने बायका श्वास रोखून उभ्या राहत, आणि कपडे घट्ट होऊन परत येत.

सुनेला पुढे बोलवायला हवे, हे मोठ्या बाईंना कळत होते. पण आयुष्यभर त्यांनी हुकूम केले होते, विनवणी केली नव्हती. आणि ही गोष्ट हुकमाने होण्यातली नव्हती.

अशातच सुनेने समोरच्या औषधांच्या दुकानातून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची बाटली आणली. बाटलीवर जांभळी फळे होती आणि एका सडपातळ बाईची नुसती कंबर. जेवताना तिने सगळ्यांना समजावून सांगितले की शरीराला आतून गंज चढतो, तो या गोळ्यांनी निघतो आणि मग चरबी आपोआप जळते. मोठ्या बाई म्हणाल्या, गंज लोखंडाला चढतो एवढे मला ठाऊक आहे, माणसाला कधीपासून चढू लागला? त्यावर सून म्हणाली, तुम्हाला कसा चढेल, तुम्ही कोणाला जवळ येऊ देता कुठे. मुलगा ठसका लागल्याचे निमित्त करून उठला.

मोठ्या बाईंनी डॉक्टरांना गाठले. अशा गोळ्यांनी वजन उतरते याला भरवशाचा आधार नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. चालणे-फिरणे ठेवा, खाणे सांभाळा, धीर धरा. आणि बाटलीवर लिहिले आहे त्याहून जास्त तर मुळीच घेऊ देऊ नका. हे सुनेच्या कानावर घालायचे असे ठरवून त्या घरी आल्या, तेव्हा सून आरशापुढे उभी होती. निळ्या पोशाखाची कंबर दोन बोटांत चिमटून ती कुठे सैल झाली आहे का ते पाहत होती. डॉक्टरांचे बोलणे मोठ्या बाईंनी मनातच ठेवले. त्या घरात वजनकाटा नव्हता; शिंप्याच्या घराला तो कशाला, असे म्हणून त्यांनीच कधी आणू दिला नव्हता. अंगाचा हिशेब तिथे कपड्यावरूनच होई. दुसऱ्या दुपारी त्यांनी कात्री घेतली.

मग एकेक करून सुनेचे सगळेच पोशाख त्यांच्या हाताखालून गेले. बाटली भराभर रिकामी होऊ लागली. सुनेला गुण आल्यासारखे वाटते आहे, अशी मोठ्या बाईंनी मनाशी खूणगाठ बांधली. ती ताटावरून लवकर उठे, तोही त्यांना तिचा निग्रह वाटला. आता ती आपण होऊन पुढे येईल, याची त्या वाट पाहत राहिल्या.

एका दुपारी सुनेने शिवलेली कॉलर त्यांच्या हाती आली. शिवण नागमोडी गेली होती. कान उपटायच्या तयारीने त्या मागे गेल्या, तर सून यंत्रावर कपाळ टेकून बसली होती.

त्यांनी आधी तिला पाणी दिले. मग विचारले,

"दिवसाला किती घेतेस?"

"दोन लिहिल्यात. मी चार घेते. कधी पाच."

"कुणी सांगितलं?"

सून उठली. खुंटीवरचा निळा पोशाख काढून तिने उलटा केला आणि त्यांच्यासमोर धरला.

"तुम्ही."

मोठ्या बाईंनी स्वतःच्याच टाक्यांकडे पाहिले.

"पहिल्याच दिवशी दिसलं, आई. तुमचा टाका मला ओळखू येणार नाही होय? म्हटलं, मी सुटत चाललेय आणि तुम्हाला ते बोलवत नाहीये. तुम्हाला. माणसाला तोंडावर बोलल्याशिवाय ज्यांना घास उतरत नाही त्या गप्प बसल्या, म्हणजे काय झालं असेल माझं."

"अंगात सैल नाही लागला?"

"लागला ना. पोरांचे कपडे तुम्ही वाढत्या अंगाचे शिवता, तसं वाटलं. पुढचं धरून ठेवलंय."

मोठ्या बाईंनी इस्त्रीचे बटण बंद करायला हात नेला. ते आधीच बंद होते.

"तू वाढली नाहीस," त्या म्हणाल्या. "कमीही झाली नाहीस. तुला बरं वाटावं म्हणून सैल केलं मी." पुढचे वाक्य त्यांना जड गेले. "पुढे दुकानात माझ्याच्याने मापं होत नाहीत."

सुनेने पोशाख हळूच यंत्रावर ठेवला.

डॉक्टरांचे बोलणे मोठ्या बाईंनी मग शब्दाला शब्द सांगितले. त्यांना दाखवून येईपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही, हे मात्र हुकमाच्या सुरात बजावले. त्यांनी जेवण गरम करून आणले आणि ताट रिकामे होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. सून पडून उठली तेव्हा ऊन कलले होते. मोठ्या बाईंनी पोशाख आणि कात्री तिच्या हाती दिली.

"उसव."

त्या घरात मोठ्या बाईंची शिवण आजवर कोणी उसवली नव्हती. सुनेने पहिला टाका उचलला आणि कापला. एक बाजू सुटली. दुसरीला हात घातला तोच पुढून कोणीतरी विचारले, आहे का कोणी?

मोठ्या बाई उठल्या नाहीत. सुनेच्या मांडीवर पडलेले धाग्यांचे तुकडे त्या एकेक करून वेचू लागल्या. पुन्हा हाक आली. सुनेने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी तिने पोशाख बाजूला ठेवला, केसांवरून हात फिरवला, ती दुकानाच्या पडद्यापाशी थोडी घुटमळली आणि पुढे गेली.

पलीकडे गिऱ्हाईक काहीतरी म्हणाले. सुनेने काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही. ते ऐकण्यासाठी मोठ्या बाईंनी मान पुढे काढली. मग त्यांनी आपली खुर्ची फिरवली आणि त्या दुकानाकडे पाठ करून बसल्या.