सीट नंबर घ्यायचा नाही

अकरा वर्षांपूर्वी मामाला एकदा विमानात पुढच्या भागात बसवलं होतं. तिकीट मागचं होतं, गुडघे हनुवटीला टेकतात तसलं. पण खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त झाली आणि काउंटरवरच्या बाईने ह्याला उचलून पुढे टाकलं. आडवी होणारी खुर्ची, खऱ्या काचेचे ग्लास, पायात घालायला फुकटचे मोजे. ही गोष्ट ऐकली नाही असं एक माणूस नात्यात उरलं नव्हतं. एका मयतीतसुद्धा त्याने ती सांगितली, मेलेल्याला सोडून सगळ्यांनी ऐकली. पोरं त्याला गादीमामा म्हणायची, तोंडावर.

तर ह्या गादीमामाची भाची चिमी. वय चौतीस, सरकारी दवाखान्यात नर्स. परदेशातल्या दवाखान्याची परीक्षा तीनदा दिली, तिसऱ्यांदा पास झाली. तिकडे कामाला जायचा परवाना आला. त्यावर तारीख होती: आज. आज रात्री बाराच्या आत तिकडच्या जमिनीवर पाय पडला पाहिजे, नाहीतर परवाना म्हणजे नुसता कागद. पुन्हा अर्ज करायला वर्षभर थांबावं लागतं आणि पस्तिशी लागली की अर्जच घेत नाहीत. सहा महिन्यांनी आठ वर्षांच्या लेकीला तिकडे बोलवायचं होतं. पोरगी शाळेत सगळ्यांना सांगून बसली होती.

आता शेवटच्या दिवशी कोण जातं? पण दवाखान्यातल्या मेट्रनने नोकरीतून सोडल्याची चिठ्ठी तीन महिने दाबून ठेवली होती. काल संध्याकाळी दिली, तीही तोंड वाकडं करून. विमान सकाळी दहाचं, तिकडे पोचणार तिकडच्या घड्याळात रात्री नवाला. तीन तास हातात. पुरे होते.

आदल्या दिवशी चिमी मामाला म्हणाली, "मामा, फोन दे. चेक-इन करून सीट घेऊन टाकते."

तिकीट मामाने काढलेलं, मामाच्याच फोनवर. त्याने फोन खिशात घातला.

"हात लावायचा नाही. सीट नंबर घ्यायचाच नाही. ज्याला नंबर नाही, त्याला शेवटी पुढे बसवतात. दुसरीकडे ठेवणार कुठे त्याला? तुला एवढं काय समजत नाही."

"मला पुढे नको, मागे चालेल."

"चिमे, आठ तास बसायचंय. जन्मभर दुसऱ्यांच्या खाटा आवरल्यास. एकदा तूही झोपून जा."

खाटेचं बोलला म्हणून तिने फोन पुन्हा मागितला नाही. तिथेच चुकली.

सकाळी सातला ते पोचले. पण मामाने गाडी पार्किंगमध्ये लावली आणि तासभर आत जाऊच दिलं नाही. गर्दी संपल्यावर जायचं, असा त्याचा हिशोब. कपडे बघूनच पुढे बसवतात असं तो म्हणाला म्हणून चिमीने इस्त्रीचा ड्रेस घातला होता, त्याला चुण्या पडू नयेत म्हणून ती गाडीतल्या सीटच्या टोकावर बसून राहिली. मामा मध्येच म्हणाला, "बाईशी हसून बोल. तुझं तोंड नेहमी इंजेक्शन देताना असतं तसं असतं."

आठ वाजता ती काउंटरवर गेली. हसली. काउंटरवरच्या पोरीने बॅग घेतली, पट्टी चिकटवली आणि पास दिला. सीटच्या जागी नुसती रेघ.

"गेटवर नंबर मिळेल, मॅडम."

चिमीला वाटलं, मामा खरं बोलत होता.

गेटवर कळलं, नऊ माणसं जास्त झाली आहेत. तिथला सुपरवायझर, ढेरी सुटलेला, डोळे झोपेचे, माईकवर विचारत होता की उद्या जायला कोण तयार आहे. माणसं फोनमध्ये डोकं घालून बसली. मग त्याने सहा नावं पुकारली. सहाही जण नेहमी उडणारे, विमान कंपनीचं कार्ड असलेले. त्यांना पुढे पाठवलं. त्यातला एक हाफ चड्डीत होता, इस्त्रीचा तर प्रश्नच नाही.

त्यांच्या रिकाम्या सहा सीटा आधी येऊन थांबलेल्यांना गेल्या. उरले तीन. चिमी त्यात शेवटची.

"सर, मी कालच सीट घेणार होते."

"घेतली का नाही मग?"

काय सांगणार? माझ्या मामाला एकदा मोजे मिळाले होते म्हणून?

"पुढे बसवतात असं ऐकलं होतं," ती म्हणाली.

"पूर्वी बसवायचे. आता यंत्र ठरवतं. कार्डवाले वर, नंबर नसलेले बाहेर."

तिने परवाना दाखवला, तारखेवर बोट ठेवून. त्याने वाचला, अगदी नीट वाचला, हे सगळ्यात वाईट. म्हणाला, "कुणी आपली सीट देत असेल तर बघा."

मग ती रांगेत फिरली. वॉर्डमध्ये शंभर नातेवाईकांना तिने गप्प केलं होतं, पण असं मागायची सवय नव्हती. मानेला उशी बांधलेला एकजण ती बोलायच्या आधीच नाही म्हणाला. एक म्हातारं जोडपं तयार झालं होतं. म्हातारी म्हणालीही, "जाऊ दे तिला, आपल्याला कुठे कामावर जायचंय." म्हाताऱ्याने मुलाला फोन लावला. मुलगा पलीकडून इतका ओरडला की चिमीलाही ऐकू आलं. म्हातारीने तिचा हात हातात घेतला, दाबला आणि आत निघून गेली.

दार बंद झालं. सुपरवायझरने जेवणाचं कुपन दिलं आणि उद्याचं नवं तिकीट. उद्याची सीट पुढची होती, आडवी होणारी.

तिने तिथेच उभं राहून तिकडच्या दवाखान्याला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, तारीख आमच्या हातात नसते. मग तिने मेट्रनला लावला.

"अगं, तुझ्या जागी पोरगी रुजूपण झाली सकाळी," मेट्रन म्हणाली. "तू अजून इथेच?"

विमानाच्या पोटात गेलेली बॅग परत मिळायला दीड तास गेला. बॅग आगमनाच्या पट्ट्यावर आली, दूरदेशाहून आलेल्यांच्या बॅगांमधून. चिमी त्यांच्याबरोबरच बाहेर पडली. एका पोराने चुकून तिला फूल दिलं आणि परत घेतलं.

मामा पार्किंगमध्येच होता. विमान वर गेलेलं बघूनच निघणार होता आणि ते गेलेलं त्याने बघितलं होतं, हातही हलवला होता. तिला बघून तो आधी हसला.

"काय गं? विसरलीस काय?"

"सीट नव्हती. उद्याची दिली, पुढची."

"बघ. मी काय म्हणत होतो?" तो म्हणाला. आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने बोटांवर तारीख मोजली. पुन्हा मोजली. चिमीने त्याला मोजू दिलं. तिला त्याला वाचवायचं नव्हतं.

"मी बोलतो त्यांच्याशी," मामा म्हणाला. "थांब तू. त्यांना कळलं नसेल नीट."

तो तरातरा गेला. पहिल्या दारावरच्या शिपायाने तिकीट मागितलं. मामाने काहीतरी हातवारे केले. शिपायाने मान हलवली. मग मामा दुसऱ्या दाराला गेला. मग तिसऱ्या.

एकूण दारं आठ होती. चिमी गाडीत बसली, बॅग मांडीवर घेऊन, आणि तिने त्याला हाक मारली नाही.