स्टिअरिंगवरचे आजोबा

व्याह्यांकडून कोणतीही वस्तू तपासायला घेऊ नये, एवढं शहाणपण सर्व्हेअरला असायला हवं होतं. ठोकलेल्या गाड्या बघून विमा कंपनीला नुकसान कळवण्यात त्याचा जन्म गेला होता. पत्र्यावरचा पोचा जुना की नवा, हे तो नुसतं बोट फिरवून सांगायचा. पण मुलीचं लग्न ठरलं की बापाची मान आपोआप वाकते, आणि वाकलेली मान नकारार्थी हलत नाही.

व्याही टाइल्सचे मोठे व्यापारी. नव्या शोरूमच्या दर्शनी भिंतीवर त्यांना आपल्या आजोबांचा फोटो लावायचा होता. भली मोठी जुनी मोटार आणि स्टिअरिंगवर आजोबा. गाडी कोणती तेवढं सांगा, खाली पितळी पाटी करून घेतो, असं त्यांचं म्हणणं. सर्व्हेअरला जुन्या गाड्या ओळखण्याचा नाद आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचवली होती त्याच्याच बायकोने, नवऱ्याचा भाव जरा वधारावा म्हणून.

गाडी ओळखायला त्याला चहा निवायचासुद्धा वेळ लागला नाही. रेडिएटरच्या माथ्यावर उभ्या पन्हळी होत्या, म्हणजे डेमलर. त्या काळी असली गाडी बाळगायची तर नुसता पैसा असून भागत नसे. बंगला, तबेला आणि दाराशी ताटकळणारी माणसंही लागत. व्याही खूश होतील अशीच बातमी होती. त्याने भिंग उचललं ते केवळ हौसेने, आणि तिथेच घात झाला.

पुढची बैठक उघडी होती, ऊन-पाऊस अंगावर घेणारी. मागची खोलीसारखी बंद, काचा लावलेली. त्या काचेतून एक नळी पुढे आली होती आणि तिचं तोंड थेट आजोबांच्या कानापाशी होतं. मागे बसणाऱ्याने नळीत बोलायचं आणि पुढच्याने निमूट ऐकायचं, अशी ती सोय. आजोबांच्या अंगात दुहेरी बटणांचा कोट आणि पिंढऱ्यांवर चामड्याचे पट्टे होते. घरचे त्याला त्या काळची फॅशन म्हणत. मागच्या काचेवरच्या ज्या डागाबद्दल व्याह्यांनी फोटोग्राफरला दोष दिला होता, तो डाग म्हणजे एका बाईची पिसांची हॅट होती.

हल्ली गाडी ज्याची तोच चालवतो, म्हणून पुढच्या तीन पिढ्यांनी स्टिअरिंगवरचा माणूस मालक धरला. असल्या गाडीचा मालक मात्र स्टिअरिंगला हातही लावत नसे. हीच गाडी लहानसहान असती, तर आजोबा बिनदिक्कत मालक ठरले असते. आता गाडी जितकी मोठी, तितके आजोबा लहान. सर्व्हेअरने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, पण मेळ काही बसेना.

बायकोला त्याने हे सांगितलं तेव्हा ती पोळपाट-लाटणं सोडून उठली. मग हलकी गाडी सांगा की, म्हणाली. गाडीला कुठे मुलगी द्यायचीय? खोटा अहवाल द्यायचा म्हणतेस, असं त्याने विचारलं, तर साडूच्या स्कूटरचा दिला होतात तेव्हा कसं चाललं, हे तिने काढलंच. वर भीतीही घातली. ज्या माणसाने आजोबांच्या जिवावर गावभर मान मिळवला, त्याला ते ड्रायव्हर होते म्हणून सांगणार, आणि मग त्याच घरात आपली पोर नांदणार?

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, काय सांगायचं ते सांगा," ती म्हणाली, "पण तिकडे मला घेऊन जाऊ नका."

रविवारी सकाळी नवरा-बायको दोघंच व्याह्यांकडे गेले. व्याह्यांनी फोटो टीपॉयवर मांडूनच ठेवला होता. सर्व्हेअरने कुठल्याशा केव्हाच बुडालेल्या कारखान्याचं नाव घेतलं. गाडी तशी बरी होती म्हणाला, मध्यम.

गिऱ्हाइकाने फुटकी टाइल परत आणून टाकावी तसा व्याह्यांचा चेहरा झाला. पण ते व्यापारी. एका दुकानात भाव पटला नाही तर दुसऱ्या दुकानात जाणारे. राग मानू नका, म्हणाले, पण तुमच्या त्या जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या टोपीवाल्यांना उद्घाटनाला बोलावलंय, चार लोकांत त्यांनाही विचारून घेऊ.

टोपीवाला म्हणजे क्लबातला सगळ्यांत जाणकार आणि सगळ्यांत वाचाळ माणूस. तो ती नळी पाहणार, हॅट पाहणार आणि भर मांडवात हसत सुटणार. बायकोने टीपॉयखाली नवऱ्याचा पाय दाबला. बोल म्हणून की गप्प बस म्हणून, हे पायाला कळेना.

"गाडी डेमलर आहे," सर्व्हेअर म्हणाला. "मी मघाशी खोटं बोललो."

व्याह्यांचा चेहरा उजळला. "मग लपवलंत कशाला?"

"कारण असल्या गाडीत मालक मागे बसायचा."

मग त्याने भिंग पुढे केलं आणि नळी, पट्टे, हॅट, सगळं एकेक करून दाखवलं. अपघाताचं बोलताना जो कोरडा आवाज कामी यायचा, तो आज काही लागेना. व्याही भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. सर्व्हेअर मनातल्या मनात ठरलेलं लग्न मोडून, मुलीची समजूत काढून, पाहुण्यांना फोन करूनही मोकळा झाला.

तोंड उघडलं विहीणबाईंनी. "तरी मी म्हणते, आजेसासरे स्वतःच्या गाडीत इतके अवघडून का बसलेत."

व्याह्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. त्यांनी फोटोवर तळहात ठेवला आणि मागची काचेची खोली झाकली. उरले आजोबा आणि अर्धी गाडी. मग हात पुढे सरकवला. उरली दिमाखदार गाडी, आजोबा गेले. दोनतीनदा त्यांनी असं केलं. कात्री कुठून चालवायची याचाच हिशेब चाललाय, हे सर्व्हेअरला कळत होतं.

शेवटी व्याह्यांनी हात उचलला.

"अख्खाच लावू," ते म्हणाले. "पाटीवर गाडीचं नाव, खाली त्यांचं."

"आणि लग्नाचं…" सर्व्हेअरच्या बायकोच्या तोंडून निघूनच गेलं.

"लग्नाचं काय?" विहीणबाईंनी विचारलं. "लग्नात कुठे गाडी आलीय?"

पण व्याह्यांचं संपलं नव्हतं. त्यांनी सर्व्हेअरचं मनगट धरलं. पकड घट्ट होती आणि हात गार.

"लोक विचारतील, तेव्हा सांगायचं तुम्ही. उद्घाटनाला दिवसभर फोटोपाशी उभे राहा. माझ्या तोंडून नाही निघायचं ते."

सर्व्हेअरने मान हलवली. हो म्हणण्यावाचून ती हलणार तरी कशी? जिना उतरताना बायको हलकी होऊन पुढे गेली होती, आणि तो प्रत्येक पायरीवर थांबून वाक्य जुळवत होता. आधी गाडी सांगावी की आधी आजोबा?