टाकी उतरेना

आपल्या गोठ्यातलं शेण कुणाच्या टाकीत घालायचं, या प्रश्नानं आपली झोप उडेल, असं पंचफुलाला कुणी सांगितलं असतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. पण उडाली खरी.

तिच्या दावणीला दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस होती, आणि त्या वर्षांत अकोटच्या आसपासच्या खेड्यांत एवढी जनावरं असणं म्हणजे श्रीमंतीच. कापसानं माणसांना असं काही झोपवलं होतं की एकेक घर बैलजोडी घेऊन बाजारात जायचं आणि नुसता कासरा घेऊन परत यायचं. जनावर गेलं की शेण जातं, आणि शेण गेलं की दारची गोबर गॅसची टाकी म्हणजे नुसतं लोखंडी पिंप. गावात अशी गंजलेली पिंपं पुष्कळ होती. चालू टाक्या दोनच. पंचफुलाच्या घरामागे राहणाऱ्या शेषरावबाबांची एक, जुनी. आणि तिच्या स्वयंपाकघराला भिंत लागून असलेल्या शफीकभाईंची दुसरी, कोरी करकरीत.

पंचफुलाकडे टाकी नव्हती, शेण होतं. शेषरावबाबांकडे टाकी होती, शेण कमी. म्हणून बाबांच्या टाकीपासून पंचफुलाच्या शेगडीपर्यंत एक नळी आली होती आणि त्या बदल्यात पंचफुला रोज सकाळी दोन टोपली शेण बाबांच्या कुंडीत नेऊन कालवायची. हा भाव बाबांच्या बायकोनं, माणिकबाईनं, ठरवलेला. तेव्हा बाबांचं घर भरलेलं होतं. पुढे मुलं कामाला पुण्याकडे गेली, माणिकबाई वारली, बाबा एकटे उरले. भाव मात्र तोच राहिला.

दोन टोपली देऊन जे शेण उरे त्याच्या पंचफुला गवऱ्या थापायची. अकोटला एक हलवाई होता, त्याला दूध आटवायला गवऱ्यांचाच मंद जाळ लागायचा. ती देईल तेवढ्या तो घ्यायचा. एरवी या पैशाकडे तिनं फार लक्ष दिलं नसतं. पण यंदा तिच्या दीक्षाला अमरावतीला नर्सिंगला जागा मिळाली होती. फीचं कसंबसं जमलं होतं. खानावळीचं जमत नव्हतं. दीक्षाचा बाप अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पण कापूसच कमी आला तर जिनिंग तरी किती दिवस चालणार? महिन्याच्या महिन्याला खानावळ गवऱ्यांवरच भागवायची, असं पंचफुलानं मनाशी धरलं होतं, आणि तेवढ्या गवऱ्या काही होत नव्हत्या.

अशात एक दिवस शफीकभाईंची बायको जैनबबी भिंतीपलीकडून आली आणि म्हणाली की आमची टाकी मोठी, आमच्या म्हशींच्या शेणानं पुरती भरत नाही. तुम्ही रोज एक टोपलं द्या, भिंतीतून नळी देते, पाहिजे तेवढा गॅस जाळा.

एक टोपलं! म्हणजे रोजचं एक टोपलं वाचलं. एका टोपल्याच्या किती गवऱ्या होतात हे पंचफुलाला विचारायला लागत नव्हतं, तिच्या हातांनाच ठाऊक होतं. तिनं जागच्या जागी होकार दिला. दुसऱ्या दिवशी शफीकभाईंनी भिंतीला भोक पाडलं, नळी आली, नवी शेगडी पेटली. निळी, सरळ ज्योत.

आता राहिलं एवढंच, की शेषरावबाबांना सांगायचं.

आणि इथंच सगळं अडलं. पंचफुला सकाळी निघाली तीच मुळी सांगायचं म्हणून. पण बाबा कुंडीपाशी वाट पाहत उभे होते, पाण्याची बादली भरून. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं दोन टोपली नेलीच होती. त्यांनी तपकीर ओढली, शिंकले, आणि तिच्या म्हशीची विचारपूस केली. ती म्हशीबद्दल बोलली, शेण कालवलं आणि परत आली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबांचे गुडघे दुखत होते; दुखणाऱ्या माणसाला काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी त्यांनी माणिकबाईची आठवण काढली. त्या दिवशी तर तिनं सांगण्याचा विचारच सोडला.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. पंचफुला दोन टोपली बाबांना देत होती आणि एक टोपलं जैनबबीला. वाचवायला निघालेली बाई दोनाची तीन टोपली घालवून बसली. गवऱ्या वाढायच्या त्या आणखी घटल्या. मग ती गावच्या गुरांच्या मागं टोपलं घेऊन फिरू लागली, रस्त्यावर पडलेलं गोळा करायला. दोन बैल, गाय आणि म्हैस असलेली बाई शेण वेचते, याचं गावाला मोठं नवल वाटलं. नवऱ्यानं तर एकदा जेवताना विचारलं की तू शेणाची सावकारी सुरू केली काय.

बरं, दोन्हीकडे शेण देत होती तर दोन्हीकडचा गॅस तरी जाळावा! पण नाही. तिच्या मनाचा हिशेब वेगळाच होता. ज्याला सोडून जायचं आहे त्याचा गॅस जाळणं तिला चोरीसारखं वाटे. बाबांची शेगडी तिनं पुसून कोपऱ्यात ठेवली आणि तिची कळ बंद केली.

दीक्षा आईला समजावून थकली. "आई, मी सांगू का बाबाले?" ती म्हणाली.

"तू गप राय," पंचफुला म्हणाली. "मी सांगतो बराबर. हळूहळू सांगा लागते."

आता गोबर गॅसची टाकी कशी असते ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं. शेणकाल्याच्या विहिरीवर लोखंडी टाकी पालथी घातलेली असते. खाली गॅस झाला की तो तिला वर उचलतो. गॅस जाळला की ती खाली बसते. म्हणजे ज्याला पाहता येतं त्याला टाकीकडे पाहून कळतं, की आज घरात किती शिजलं. पुरणाच्या दिवशी टाकी पार बुडाला जाते. घरचे लोक गावाला गेले की ती वर येऊन डोलत राहते.

शेषरावबाबांना पाहता येत होतं. त्यांचा दिवस त्या टाकीकडे पाहण्यातच जायचा. त्यांचा स्वतःचा चहा आणि एक वेळची खिचडी, एवढ्यानं टाकी वीतभरही हलत नसे. तिला खाली आणायची ती पंचफुलाची शेगडी. सकाळी भाकरी झाल्या की टाकी उतरायची, संध्याकाळी वरणभात झाला की आणखी उतरायची. आणि आता ती उतरेना. सकाळी वर, दुपारी वर, दिवेलागणीलाही वरच. कडेनं गॅसचे बुडबुडे निघून वाया जायला लागले.

पहिल्यांदा बाबांना वाटलं नळी तुंबली. नळी पाहिली, ठीक होती. मग त्यांच्या मनात दुसरंच काही आलं आणि ते ओसरीवर बसून राहिले. पंचफुला रोज येते, शेण कालवते, पण मान वर करत नाही. जेवलीस का विचारलं तर लगबगीनं हो हो म्हणते. गावात गुरांमागं फिरून शेण वेचते म्हणे. तपकिरीनं त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं, नाहीतर पंचफुलाच्या घरातल्या फोडणीचा वास त्यांना आला असता. ती वर्षं अशी होती की एखाद्या घरात चूल पेटेनाशी झाली, तर शेजाऱ्यानं डोळे मिटून बसायचं नसतं.

त्या दिवशी संध्याकाळी पंचफुला स्वयंपाकाला बसली होती. जैनबबीच्या गॅसवर तव्यात भाकर फुगत होती, शेजारी झुणका झाकून ठेवला होता, दीक्षा कांदा फोडत होती. मागच्या दारात खोकल्याचा आवाज आला. शेषरावबाबा आत आले. दुखऱ्या गुडघ्यांनी, खांद्यावर ज्वारीची थैली घेऊन.

त्यांनी समोर पाहिलं नाही. थैली उंबऱ्याच्या आत ठेवली आणि जमिनीकडे पाहत, घोकून आल्यासारखे बोलू लागले. "पोरी, हे घरची ज्वारी हाये. एकट्या माणसाले किती लागते? किडे पडून राहिले तिच्यात. लाजू नोको. दिवस येतात अन् जातात. तुह्या घरची शेगडी पेटून नाई राहिली, हे मले टाकीवरून कवाचं समजलं."

मग त्यांनी मान वर केली. तव्यावरची भाकर टम्म फुगली होती.

दीक्षानं कांदा खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. पंचफुलाला वाटलं, भिंतीच्या त्या भोकातून आपल्यालाही पलीकडे जाता आलं तर बरं. पण ज्वारीची थैली समोर होती. किडे पडले म्हणे! चांगली पाखडलेली, निवडलेली ज्वारी होती ती, थैलीच्या तोंडातून पांढरीशुभ्र दिसत होती. तिला रडू आलं आणि त्या रडण्यातच तिनं सगळं सांगून टाकलं: जैनबबीचं एक टोपलं, दीक्षाची खानावळ, गवऱ्या, रोजचं ठरवणं आणि रोजचं राहून जाणं.

बाबा ऐकत राहिले. ऐकता ऐकता पाटावर बसले.

"म्हणजे तू मले दोन टोपले देऊन राहिली, त्यायले एक देऊन राहिली, अन् माहा गॅस जाळूनही नाई राहिली?"

"व्हय."

"काहून?"

"सोडून जाणाऱ्यानं कसा जाळावा, बाबा?"

बाबांच्या पोटातून हसू आलं. ते इतके हसले की खोकला लागला आणि दीक्षाला पाणी द्यावं लागलं. "अन् म्या समजलो पोट्टे उपाशी झोपून राहिले," ते म्हणाले. "दोन रात्री डोळ्याले डोळा नाई." मग त्यांनी पाणी पिऊन तोंड पुसलं. "मले तरी कुठं लागतात दोन टोपले? माहा काय, चहा अन् खिचडी. माह्या गाईचं शेण हाये, वरून तुहं एक आलं का दोघायचं भागते. पण तो भाव माणिकनं ठरवेल होता. तिचा ठराव म्या कसा मोडू? तू मोडला असता तं चाललं असतं. तू बोललीच नाई."

"एक टोपलं पुरते तुमाले?"

"पुरते म्हनतो ना. अन् ते पोट्टीच्या शिक्षणाले जात असन तं मी अजून कमी घेतलं असतं. पण टाकी रिकामी नोको पाडू, बाई. ती उतरते-चढते तं मले वाटते घरात माणसं हायेत."

हे शेवटचं वाक्य त्यांनी दुसरीकडे पाहत म्हटलं. पंचफुला उठली, कोपऱ्यातली जुनी शेगडी काढली, पुसलेलीच होती तरी पुन्हा पुसली, कळ उघडली आणि दुसरी भाकर तिच्यावर टाकली. बाबा तिथंच जेवले. ज्वारी परत न्यायला त्यांनी साफ नकार दिला. आणलेलं धान्य परत नेलं तर माणिक स्वप्नात येऊन भांडते, असं म्हणाले.

ते गेल्यावर दीक्षा म्हणाली, "आता जैनबभाभीले कोण सांगणार? का तिलेही हळूहळू सांगतं?"

टोमणा बरोबर जागी बसला. पंचफुलानं हात धुतले आणि तशीच, ओल्या हातांनी, जैनबबीच्या दारात जाऊन उभी राहिली. पाऊल उंबऱ्यात पडायच्या आधीच तिनं बोलून टाकलं, की आम्ही पुन्हा बाबांच्या टाकीवर जातो, राग मानू नका. जैनबबीला राग आला. भिंतीला भोक पाडलं ते काय गंमत म्हणून, असं तिनं विचारलं. बाबा एकटे आहेत हे तिलाही कळत होतं, म्हणून पुढे फार बोलली नाही. पण म्हणाली, "शफीकले मी नाही सांगणार. तुमचं तुम्हीच सांगा."

शफीकभाई अकोटला दूध घालून मोटारसायकलवर परत येतच होते. रिकाम्या कॅनांचा खडखडाट गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला. पंचफुला गल्लीत आडवी उभी राहिली. त्यांनी गाडी बंद करून पाय टेकेपर्यंत तिचं सांगून झालंसुद्धा.

शफीकभाई तिच्याकडे पाहत राहिले. "इतकंच ना?" ते म्हणाले. "तुमी अशा रस्त्यात उभ्या, मले वाटलं तुमची म्हैस गेली." मग कॅन सोडता सोडता त्यांनी विचारलं की त्या गवऱ्या हलवायाकडे कोण नेतं. एसटीनं ती स्वतः नेते म्हटल्यावर ते म्हणाले, "मी रोजच जातो. पोतं भरून ठेवत जा, नेऊन देईन."

पंचफुलाच्या तोंडाशी 'नको, कशाला तुम्हाला तरास' एवढं सगळं येऊन थांबलं. तिनं ते गिळलं.

"न्या," ती म्हणाली. "उद्यापासूनच न्या."