पावणेचारचं गाणं

भाग्यश्रीने खुंटी जरा जास्तच पिळली आणि तानपुऱ्याची तार तुटून तिच्या मनगटावर सपकन बसली. देवस्थळी सरांनी हातातल्या यादीवरून नजर उचलली, तार पाहिली, तिचं मनगट पाहिलं आणि पुढे वाचायला सुरुवात केली. वार्षिक कार्यक्रमात पुष्कर यमन गाणार होता, प्रियदर्शनी पूरिया धनाश्री, आणखी चौघंजण आपापलं काही. शेवटी कागदाची घडी घालता घालता ते म्हणाले,

“आणि तानपुऱ्यावर नेहमीप्रमाणे भाग्यश्रीताई.”

नेहमीप्रमाणे. गुरुपौर्णिमेला तीच मागे बसली होती. गणपतीतल्या कार्यक्रमातही तीच. वर्गातली मुलं एकोणीस-वीस वर्षांची, ती त्रेचाळीसची. पहिल्या दिवशी कुणीतरी तिला ‘ताई’ म्हटलं, मग सगळेच म्हणायला लागले, सरसुद्धा. आणि ताई म्हटलं की मागे बसवायला सोपं जातं, हे तिच्या हळूहळू लक्षात येत गेलं होतं. तिने डब्यातून नवी तार काढली, ओवली, घोडीवर बसवली आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर मात्र ती सरांच्या टेबलापाशी गेली आणि आपल्याला गायचं आहे, एवढंच म्हणाली.

देवस्थळी सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की मधली बावीस वर्षं गळा बंद होता, तो अजून नीट मोकळा झालेला नाही. या मुलांना गाण्यावरच पुढे उभं राहायचं आहे, त्यांना स्टेजची सवय व्हायला हवी.

“तुमचं तसं नाही ना. तुमची आपली हौस आहे.”

“हौसेला परीक्षेत वेगळे गुण असतात का, सर?”

सरांनी चष्मा काढला. भाग्यश्रीला थांबता आलं असतं, पण ती थांबली नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं म्हणून शिक्षण सुटलं, ते काही हौसेने सुटलं नव्हतं, असं ती म्हणाली. त्याच दुसऱ्या वर्षात आता परत येऊन बसले, तेही हौसेने नाही. तेच पेपर देते, तीच हजेरी भरते. बोलताना तिचा आवाज थरथरत होता आणि तो रडण्याचा आवाज आहे असं सरांना वाटणार, हे कळून ती आणखी चिडत होती.

सरांनी घडी उलगडली आणि यादीच्या वरच्या रिकाम्या जागेत पेनाने काहीतरी लिहिलं.

“शनिवारी पावणेचारला या. कार्यक्रम चारला सुरू होतो. लोक येऊन बसेपर्यंत पंधरा मिनिटं तुम्ही घ्या. मुलतानी गा, वेळही त्याचीच आहे.”

चालेल, असं ती म्हणाली. त्यात चालण्यासारखं काही नव्हतं.

घरी जाताना स्वारगेटच्या सिग्नलला तिने दोनदा उगाच हॉर्न वाजवला. पुढचा रिक्षावाला वळून म्हणाला, “मॅडम, लाल आहे. पुण्यात लालला थांबतात. म्हणजे, थांबायचं असतं.” एरवी ती हसली असती. बिबवेवाडीचा चढ चढेपर्यंत सरांना द्यायची आणखी चार उत्तरं तिला सुचली होती. सगळी आधीच्यापेक्षा चांगली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मुक्ताच्या खो-खोच्या प्रशिक्षक, नम्रता मॅडम. मुक्ता तिची धाकटी, यंदा अकरावीत. शाळेत असताना दोन वर्षं ती संघातून खेळली होती. मॅडमनी फार प्रस्तावना केली नाही. जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी शनिवारी दुपारी चारला होती. मुक्ता जुलैपासून सरावाला आलेली नाही, तिचा फोनही लागत नाही. नियमाने तिला बोलवायला नको, पण तिच्यासारखी पळणारी पोर त्यांच्याकडे दुसरी नाही, म्हणून एकदा विचारते आहे.

“तिने सोडलंय ना, अभ्यासासाठी?” भाग्यश्री म्हणाली.

“मला तसं म्हणाली नाही. आजोबांजवळ थांबावं लागतं, असं म्हणाली होती.”

फोन ठेवल्यावर भाग्यश्री गाडीच्या सीटवर टेकून तशीच उभी राहिली. सासऱ्यांना, बापूरावांना (घरात ते आबा), गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू अजून पुरती चालत नव्हती. त्यांचं सगळं करायला सकाळी एक बाई येत, त्या दोनला जात. भाग्यश्रीचे तास एक ते सहा. तिचा नवरा जयसिंग कंपनीतून साडेसातला येई. दोन ते सात बापूरावांजवळ कोण बसणार, याची चर्चा घरात कधी झाली नव्हती. कुणी ठरवलं नव्हतं. ठरलं होतं. जुलैमध्ये मुक्ता म्हणाली होती की अकरावी अवघड आहे, खेळ सोडते. त्या वेळी भाग्यश्रीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. बरं झालं, असंच तिला वाटलं होतं.

वर आली तेव्हा मुक्ता आजोबांना चमच्याने भात भरवत होती. हॉलमध्ये तिचा मोठा भाऊ शुभंकर सोफ्यावर आडवा होऊन कानात हेडफोन घालून लॅपटॉपवर काही पाहत होता. त्याचं कॉलेज दीडलाच सुटे. नंतर जिम, मित्र, प्रोजेक्ट. आईला पाहून त्याने एक कान मोकळा केला आणि खायला काय आहे, असं विचारलं.

भाग्यश्रीने पर्स जमिनीवर टाकली. आणि मग ती मुलीवरच ओरडली. खोटं का बोललीस, फोन बंद का ठेवलास, त्या मॅडमसमोर मला मूर्ख ठरवलंस, तोंड नव्हतं का तुला. शेजारच्यांच्या दारापर्यंत आवाज गेला असेल. मुक्ताने ऐकून घेतलं. आजोबांच्या हनुवटीला लागलेलं शीत पुसलं, वाटी खाली ठेवली आणि उभी राहिली. ती आता आईपेक्षा उंच झाली होती.

“सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडलं असतंस,” ती म्हणाली. “आणि मग जन्मभर आम्हाला ऐकवलं असतंस.”

भाग्यश्रीने किती वेळा ऐकवलं होतं ते तिलाच आठवेना. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी वर्गात गायलेली चीज, परत न केलेलं लायब्ररीचं पुस्तक, हार्मोनियम विकली ती दुपार. मुलं लहान असताना गोष्टीसारखी सांगितली, मोठी झाल्यावर भांडणात.

खाटेवरून बापूराव काहीतरी म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झाले होते, कान देऊन ऐकावं लागे.

“पोरीला जाऊ द्या. मी काय कुटं पळून जातोय व्हय? बाहेरनं कुलूप लावा.”

मुक्ता बाल्कनीत निघून गेली. भाग्यश्रीने वाटी उचलली आणि सासऱ्यांना उरलेला भात भरवला. राग गेला नव्हता, फक्त तो ज्याच्यावर धरावा असं माणूस तिला सापडत नव्हतं. मुलीवर धरून झाला होता. म्हाताऱ्यावर धरता येत नव्हता. उरली ती स्वतः.

साडेसातला जयसिंग आला. त्याने बूट काढता काढता सगळं ऐकलं आणि नेहमीच्या शांतपणे तोडगा काढला. शनिवारी दोन्ही एकाच वेळी असतील तर मुक्ताने या वर्षी राहू द्यावं, पुढच्या वर्षी चाचण्या असतीलच. नाहीतर भाग्यश्रीने गाणं पुढे ढकलावं. तसंही मुख्य कार्यक्रमात ती नाहीच.

“एवढं काय त्यात,” तो म्हणाला. “दोघींची हौसच तर आहे.”

सरांच्या तोंडून हा शब्द ऐकून तिचा आवाज थरथरला होता. आता थरथरला नाही.

“शनिवारी तुम्ही घरी थांबा.”

“मला मीटिंग आहे. ऑडिटची माणसं येणार आहेत.”

“मग आबांना सोबत घेऊन जा. तुमच्या ऑफिसला लिफ्ट आहे.”

जयसिंगने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करते आहे का, हे तो शोधत होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला घेतली. परातीचा आवाज बराच वेळ बाहेर येत राहिला. जेवणं झाली. झोपायच्या आधी जयसिंगने ऑफिसात कुणाला तरी फोन लावला आणि वडिलांच्या तब्येतीचं कारण सांगून शनिवारी अर्धा दिवस रजा मागितली. तिच्यासाठी, मुलीसाठी, असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं. रजा मिळाली होती.

शुक्रवारी तिने प्रियदर्शनीला गाठलं आणि उद्या माझ्यामागे तानपुऱ्यावर बसशील का, असं विचारलं. मुलगी गोंधळली. तिला चारपर्यंत तयार व्हायचं होतं, केस करायचे होते. मी तुझ्यामागे दोनदा बसले आहे, असं भाग्यश्री म्हणाली. तिच्या आवाजात विनंती नव्हती. प्रियदर्शनी हो म्हणाली.

शनिवारी पावणेचारला सभागृहात सतरा माणसं होती. तिने मोजली. त्यातली तीन माइकवाल्याची, दोघं चहाची टेबलं लावत होती. पुष्करचे आईवडील जागा धरायला लवकर आले होते आणि मोबाइलवर रस्ता सांगत होते. देवस्थळी सर दारात पाहुण्यांची वाट बघत उभे होते, त्यांची पाठ स्टेजकडे.

भाग्यश्रीने षड्ज लावला. पहिला गंधार नीट लागला नाही. मुलतानीतला गंधार कोमल असून नुसता कोमल लावून चालत नाही, तो मध्यमाला धरून हलता ठेवावा लागतो. तिचा नुसताच खाली पडला. तिला कळलं, तबलजीलाही कळलं. तिने आलाप तिथेच सोडला नाही. परत निषादावर गेली, षड्ज घेतला, आणि चढताना गंधार पुन्हा. आणि पुन्हा. चौथ्या खेपेला तो जागेवर आला. चहावाल्यांपैकी एकाने कप मांडायचं थांबवलं, की तिला तसं वाटलं. मग बंदिशीची स्थायी, अंतरा, थोड्या बोल-ताना. तिचा आवाज वीस वर्षांच्या मुलीचा नव्हता, त्याला वर जरा चरा पडत होता आणि तो ती लपवत नव्हती. मधे मागचं दार उघडून माणसांचा एक घोळका बोलत आत आला. ती त्यांच्या बोलण्यावरून गात राहिली. चारला एक मिनिट कमी असताना तिने सम गाठली.

टाळ्या थोड्या पडल्या. सर स्टेजच्या पायऱ्यांपाशी आले.

“वेळेत संपवलंत, बरं झालं,” ते म्हणाले. मग जायला वळले आणि थांबले. “गंधार सोडला नाहीत.”

तिने मान हलवली. त्यांच्याकडून असं काही ऐकायचं म्हणून इतके महिने ती वाट पाहत होती, आणि आता तिचं लक्ष पर्समधल्या फोनकडे होतं.

तानपुऱ्यावर आज मुलंच आळीपाळीने बसत होती; सव्वापाचपर्यंत ती शेवटच्या रांगेत बसली. प्रियदर्शनी छान गात होती. फोन थरथरला तशी ती उठून व्हरांड्यात आली. पलीकडून मुक्ताचा धापा टाकलेला आवाज.

“आई, झालं. नाव आलंय. पण राखीवमध्ये.”

“का?”

“मॅडम म्हणाल्या, चार महिन्यांत अंग जड झालंय तुझं. पळतेस अजून, पण वळताना उशीर होतो. संघ जाईल तेव्हा बाकावर बसायचं. रोज सरावाला आलीस तर जानेवारीत बघू, असं म्हणाल्या.”

भाग्यश्रीच्या कानशिलात रक्त चढलं. त्या बाईंना काय कळतं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्या बाईंना कळत होतं. गंधारासारखंच ते खरं होतं आणि त्याला इलाज एकच होता.

“सराव किती वाजता असतो?”

“पाच ते सात. रोज. रविवारी सकाळी.” मुक्ताचा आवाज सावध झाला. “आई, तू आता कॉलेज सोडते वगैरे म्हणू नकोस हं.”

“नाही म्हणत. उद्यापासून जायचं.”

“आणि आजोबा?”

“त्यांचं मी बघते—” भाग्यश्री म्हणाली आणि थांबली. आत प्रियदर्शनीची तान संपली होती, लोक टाळ्या वाजवत होते. तिने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

“शुभंकर घरी असेल. ठेव तू, मी त्याला फोन लावते.”